राखाडी टाचणी

‘भिंतीला रंग कधी दिलास?’ असं मी विचारलं तेव्हा ही पाव कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, ‘कुठल्या भिंतीला?’ मी ओट्यामागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंत पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे, नुकत्याच धुतलेल्या बशीसारखी, कोपऱ्यात किंचित निळसर सावली धरणारी पांढरी. ज्या भिंतीसमोर बसून मी इतकी वर्षं सकाळचा चहा घेतला ती सायीच्या रंगाची होती. ‘पांढरीच आहे ती, पहिल्यापासून,’ ही म्हणाली, आणि मग तिची सुरी थांबली. माझ्या उजव्या डोळ्यावरची पट्टी त्याच सकाळी निघाली होती. डावा डोळा महिन्याभरानं करायचा होता. मी डावा मिटून पाहिलं: पांढरी. उजवा मिटून पाहिलं: साय, छे, साय कसली, जुन्या पुस्तकाचं पान. पुन्हा डावा मिटला, पुन्हा उजवा. भिंत माझ्यासमोर तरुण होत होती आणि म्हातारी होत होती. ‘चाळे पुरे,’ ही म्हणाली, ‘डोळ्याला आराम द्यायला सांगितलाय.’ ती जवळ आली, माझी हनुवटी वर करून डोळ्यात लाली आहे का ते पाहू लागली, आणि तिचा स्वेटर माझ्या नाकासमोर आला. कोपरावर विरलेला तो जुना राखाडी स्वेटर. तो राखाडी नव्हता.

‘हा स्वेटर...’

‘निळा आहे.’

‘मला वाटायचं...’

‘माहीत आहे तुम्हाला काय वाटायचं. दुकानात घेतला तेव्हापासून सांगतेय. दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, मग म्हटलं जाऊ दे, राखाडी तर राखाडी. एवढ्यातेवढ्यावरून कुणी संसार मोडत नाही.’

दुसरा कुणी असता तर घरभर फिरून एकेक वस्तू डोळ्याखालून घालत आनंदला असता. मीही आनंदलो. पण माझा आनंद नेहमी चपला शोधत मागून येतो. त्याच्याआधी शंका दारात उभी असते. डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग जुनं होऊन पिवळं पडणं, बाटलीत फार दिवस राहिलेल्या तेलासारखं, आणि त्या पिवळ्यात सगळ्यात आधी अडतो तो निळा. ‘हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला कळत नाही. राखाडी आणि निळा यांत घोटाळा होतो. तुम्ही काय करता?’ मी म्हणालो, चित्रं काढतो. ‘मग आता मजा आहे तुमची,’ डॉक्टर म्हणाले, आणि मी हसलो, कारण डॉक्टर हसले की हसायचं असतं. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आपल्यालाच कावीळ झालीय आणि आपणच रंगाऱ्याचं काम करतोय, असा त्या म्हणीचा पुढचा भाग मला कुणी सांगितला नव्हता. पाव तसाच ठेवून मी वरच्या खोलीत गेलो. टेबलावर पातळ कागदाखाली एक चित्र झाकलेलं होतं. ते पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होतं. मी कागद उचलला नाही. खुर्चीत बसलो आणि झाकलेल्या चित्राकडे बघत राहिलो.

चित्र एका टाचणीचं होतं. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ चुलतबहीण. चतुर बसला की पंख पसरून ठेवतो, साऱ्या जगाला दिसावा असा. टाचणी पंख मिटून पाठीवर घेते आणि कुणाच्या अध्यामध्यात नसल्यासारखी बसते. मला टाचण्या फार जवळच्या वाटतात. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे आमची भाची, लहानपणी खिशातून किडे घेऊन यायची आणि माझ्या टेबलावर ओतायची. मोठी झाल्यावर तिनं तेच काम पगारावर धरलं. ती ओढ्यांवरचे कीटक शोधते. मी ज्या विभागात नोकरीभर कीटकांची चित्रं काढली तिथेच ती शिकली, आणि मी निवृत्त झाल्यावरही ‘मामा, एवढं एक’ म्हणत चित्रं माझ्याकडेच आणत राहिली. ही टाचणी तिला दूरच्या जंगलात एका ओढ्यावर सापडली होती. ओढा इतका अरुंद की लहान मूलही उडी मारून पलीकडे जाईल, असं ती सांगायची. वरून झाडं मिटलेली, काठाला नेचे, आणि पाण्यावर लोंबणाऱ्या मुळांवर ही टाचणी बसायची. शेजारच्या ओढ्यांवर तिनं शोधली, नव्हती. नराच्या शेपटीच्या टोकाला मादीला धरण्यासाठी चिमटे असतात, आणि कोण कुठल्या जातीचा हे त्या चिमट्यांवरून ओळखतात. या टाचणीचे चिमटे आतल्या बाजूनं वळलेले होते, बोटानं कुणाला जवळ बोलवावं तसे. असे चिमटे कुठल्याही पुस्तकात नव्हते. म्हणजे ही जात नवी. नवी म्हणजे आपल्याला नवी. ती बिचारी आपली कधीपासूनची तिथे बसलेली.

चिमटे मी सूक्ष्मदर्शकाखाली काढले, त्याबद्दल काही वाद नव्हता. वाद रंगाचा. मेलेल्या टाचणीचा रंग बघता बघता उडतो, उरते ती तपकिरी काडी. म्हणून ती जिवंत आणावी लागते, आणि जिवंत टाचणी चित्रकारासमोर बसत नाही. त्यावर आमच्या कामातली जुनी युक्ती अशी: तिला कागदाच्या पाकिटात घालायचं आणि पाकीट बर्फाच्या डब्यात ठेवायचं. गारठली की ती गुंगते. बाहेर काढून टेबलावर ठेवली की जरा वेळ हलत नाही. तेवढ्यात रंग जुळवून घ्यायचा आणि ती चुळबुळली की पुन्हा डब्यात. मी आयुष्यभर असेच रंग जुळवले. मला ही पद्धत मनापासून आवडते. माझ्यासारख्या माणसाला समोरचा जरा गारठलेला असला की बरं पडतं. भाचीनं तो डबा आणला त्या संध्याकाळी मी तीन वेळा रंग मिसळला, पुसला, पुन्हा मिसळला, आणि मग एक जांभळट राखाडी जमली. चुलीतल्या राखेवर पहाटेचा उजेड पडावा तशी. ती लावल्यावर मी स्वतःवर खूश झालो, ही गोष्ट माझ्या बाबतीत इतकी क्वचित घडते की मी ती कुणाला सांगितली नाही.

‘मामा, ही राखाडी का केली?’ भाचीनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

‘राखाडी आहे म्हणून.’

‘निळी आहे ती. मी ओढ्यावर बघितलीय. अशी निळी की बघणारा बोलायचं विसरेल.’

‘डब्यातून काढली तेव्हा राखाडी होती.’

‘डब्यात कोमेजतात त्या. घाबरतात.’

‘घाबरल्यावर रंग उडतो असं मी माझ्याबद्दल ऐकलंय,’ मी म्हणालो, ‘टाचणीबद्दल नाही.’

ती हसली आणि तिनं फोनमधला फोटो पुढे केला. फोटोत टाचणी निळी होती हे खरं. पण त्या फोनमध्ये तिची मामीसुद्धा निळसर दिसायची, आणि ते मी तिला सांगितलं. मी कुणाशी वाद घालत नाही. दुकानदारानं कमी सुटे दिले तरी मीच खजील होऊन बाहेर पडतो. त्या दिवशी मात्र मी अडून बसलो, का ते माहीत नाही. बहुधा त्या राखाडीत माझा जीव अडकला होता. शेवटी भाची म्हणाली, ‘ठीक आहे मामा. तुमचा डोळा.’ तिनं ते आदरानं म्हटलं होतं. आता वरच्या खोलीत बसल्यावर तेच शब्द मला पुन्हा ऐकू येत होते, आणि त्यांतला आदर कुठेतरी गळून पडला होता. मी कागद उचलला, उजव्या डोळ्यानं पाहिलं. राखाडी. चांगली, शांत, नीट बसलेली राखाडी. पण त्यावरून काय कळणार? डब्यातली टाचणी आता तपकिरी काडी झाली होती, आणि जिच्याशी ताडून बघायचं ती दूर जंगलात होती.

मी पुस्तकं वाचणारा माणूस, त्यामुळे स्वतःची समजूत घालायला मला पुस्तकी कारण लागतं. ते दुपारी सापडलं. समजा डोळ्यापुढे पिवळी काच आहे. ती टाचणीपुढे आहे तशी रंगापुढेही आहे. दोन्ही एकाच काचेतून पाहून जुळवले तर जुळायलाच हवेत. या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मी दोन बिस्किटं खाल्ली. पण खाली येऊन खुंटीला लटकणारा हिचा स्वेटर पाहिला, त्याच्या शेजारी माझी छत्री, जी खरोखरच राखाडी आहे, आणि उजवा डोळा मिटून पाहिलं तर दोन्ही एकाच रंगाचे. काच दोन वेगळ्या रंगांना एक करते. मग त्यांतून हात कुठला उचलेल याचा भरवसा काय? मला जुनी चित्रं आठवू लागली. फुलपाखरं, भुंगे, एका पतंगाच्या पंखावरचा डोळा ज्यावर मी आठवडा घालवला होता. ती सगळी पुस्तकांत छापून बसली होती, कुणी कुणी त्यांच्यावरून कीटक ओळखत असतील. मी ब्रश धुतले, एकेकाचं टोक ओठांत धरून सरळ केलं, पेटीत ओळीनं ठेवले आणि पेटी मिटवली. मग भाचीला फोन केला आणि म्हणालो, ‘तूच बरोबर. माझ्या डोळ्याची चूक. दुसऱ्या कुणाकडून रंगवून घे. मी आता हे काम बंद करतो.’

ती म्हणाली, ‘तुम्ही परवा माझ्याबरोबर चला.’

‘कुठे?’

‘ओढ्यावर. आजवर किडे तुमच्याकडे आणले. एकदा तुम्हाला किड्यांकडे नेते.’

हे मात्र तिनं वर्मावर बोट ठेवलं. मी जन्मभर जंगलातल्या प्राण्यांची चित्रं काढली आणि जंगलात कधी गेलो नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फरक इतकाच की मला उंटावर बसायचीही भीती वाटते. मी डोळा, गुडघा, धूळ अशी कारणं पुढे करू लागलो तेव्हा हिनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘आम्ही दोघं येतो गं,’ ती म्हणाली. ‘मामांना एकटं नेलंस तर झाडाला कोपर लागलं म्हणून ते झाडाची माफी मागत बसतील.’ मग मला म्हणाली, ‘डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हटलंय. जंगल जाऊ देऊ नका असं कुठे म्हटलंय?’

भाची एरवी शहरातून पहाटे निघायची आणि ओढ्यावर पोचेपर्यंत तिला दुपार व्हायची. माझ्या गुडघ्यांमुळे या वेळी आम्ही आदल्या दिवशीच जंगलाच्या कडेला वनखात्याच्या विश्रामगृहात येऊन राहिलो आणि सकाळी लवकर चालू लागलो. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा मी घातला होता. पुढे भाची, मध्ये मी, मागे ही, पिशवी घेऊन. झाडांखाली इतका गारवा होता की हिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. वाटेत एका वळणावर मी चष्मा जरा वर केला, आणि तिथेच थांबलो. हिरवा म्हणजे एक रंग आहे असं मी समजत होतो. माझ्या पेटीत त्याच्या चार वड्या आहेत. इथे पायाखालचा हिरवा वेगळा, खोडावरचा मखमली हिरवा वेगळा, पानाच्या पाठीचा वेगळा, आणि एका कोवळ्या पानातून उजेड आरपार येत होता त्याला तर हिरवा म्हणायचं की काय म्हणायचं मला कळेना. लहानपणी तापातून उठल्यावर आई मला दारात खुर्ची टाकून बसवायची आणि रस्त्यावरची साधी हातगाडीसुद्धा नवी कोरी दिसायची, त्याची मला आठवण झाली. आई म्हणायची, आजारी पडल्याशिवाय तुला काही दिसत नाही. ‘चला,’ ही मागून म्हणाली, ‘रस्ता अडवू नका.’ मी चष्मा खाली केला, आणि सगळं जंगल पुन्हा सभ्य झालं.

ओढा दिसण्याआधी ऐकू आला. शेजारच्या खोलीत कुणी हलक्या आवाजात वाचत असावं तसा. खरोखरच अरुंद होता. काळ्या दगडांमधून पाणी येत होतं, एका खोलगट जागी थबकत होतं, आणि पुन्हा निघत होतं. काठावरून झाडाची मुळं पाण्यावर उतरली होती. भाची वाकून, पाय न वाजवता पुढे गेली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. घरी ती दारं आपटते, इथे तिच्या पायाखालचं पानही मोडलं नाही. मग ती थांबली, आणि हात मागे करून तिनं मला बोलावलं. पाण्यापासून हातभर उंचीवर, एका मुळाच्या टोकाला, ती बसली होती. पंख मिटलेले. माझ्या टेबलावर होती तशीच, फक्त तिच्याखाली आता टेबल नव्हतं.

‘मामा,’ भाची कुजबुजली, ‘आधी चष्मा काढा.’

मी चष्मा काढला. डावा डोळा मिटून, नव्या डोळ्यानं पाहिलं. टाचणी राखाडी होती. जांभळट राखाडी, राखेवर पहाटेचा उजेड पडावा तशी. मी उजवा मिटून पाहिलं: राखाडी. दोन्ही उघडून पाहिलं: राखाडी. भाची माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ती टाचणीकडे बघत होती. मग सरकत दुसऱ्या मुळाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. तिथेही त्या बसल्या होत्या, आणि एकजात राखाडी. मी जिंकलो होतो. ब्रश, पेटी, पतंगाच्या पंखावरचा डोळा, सगळं मला परत मिळालं होतं. पण जिंकायची सवय नसली की माणसाला त्यातही अवघडल्यासारखं होतं. मी भाचीच्या पाठीकडे पाहिलं. इतक्या खेपा या ओढ्यावर करून तिनं जे पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर खोटं ठरत होतं, आणि हे सुख मला तिच्याकडून नको होतं.

‘जरा निळसर आहे गं,’ मी म्हणालो. ‘या बाजूनं बघितलं तर.’

‘नाही मामा,’ ती म्हणाली. ‘राखाडी आहे. उगाच माझी समजूत काढू नका.’ तिनं गुडघ्यांवर हात टेकले. ‘मग मी काय बघितलं?’

हिनं पलीकडच्या काठावर एका दगडावर बैठक मारली, बूट काढून पाण्यात पाय सोडले आणि ‘बर्फ आहे नुसता’ म्हणत ते पुन्हा वर घेतले. आम्ही तसेच राहिलो. ऐकायला फक्त पाणी. वर कुठेतरी फांद्या हलल्या, आणि झाडांच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली आला. आधी तो पाण्यावर पडला आणि तळाचे खडे दिसले. मग सूर्य वर चढेल तसा काठाकडे सरकू लागला, घाई नसलेल्या माणसासारखा. नेच्याचं एक पान उजळलं. मग मूळ. मग टाचणी. तिनं पंख एकदा किंचित उघडून मिटले, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसे, आणि बसून राहिली. मी तिच्याकडे बघत होतो कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि बघता बघता मला वाटलं की माझ्या नव्या डोळ्याला पाणी आलंय, कारण तिच्या खांद्याशी काहीतरी वितळत होतं. मी डोळा टिपला. ते वितळणं थांबलं नाही. राखाडी आतून पातळ होत गेली, कागदामागून कुणी दिवा जवळ आणावा तशी, आणि तिच्यातून निळा वर आला. आधी खांद्यावर, मग पोटाच्या एकेका पेरावर, थांबत थांबत, आणि शेवटी शेपटीच्या टोकाला, जिथे ते वळलेले चिमटे होते. त्याला कुठला निळा म्हणू? माझ्या पेटीत तो नव्हता. भाचीनं माझा दंड धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती. ती म्हणाली होती तेच झालं होतं, बघणारा बोलायचं विसरला होता.

‘डबा,’ शेवटी भाची म्हणाली.

‘काय?’

‘डबा, मामा. बर्फाचा डबा. मी दुपारी यायची, उन्हात तापलेल्या धरायची आणि लगेच बर्फात घालायची. गारठली की ही राखाडी होते. ऊन लागलं की निळी. तुम्हाला मी गारठलेलीच दाखवली.’ ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. ‘आणि वर तुमच्याशी भांडले.’

‘मीही भांडलो,’ मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात थोडा अभिमान होता तो मलाच ऐकू आला. शेजारच्या मुळावर, सावलीत, दुसरी टाचणी अजून राखाडी बसली होती. एका ओढ्यावर, हातभर अंतरावर, माझं चित्र आणि तिचा फोटो शेजारी शेजारी. सगळ्या आयुष्यात मी कीटक गारठवून, गप्प करून, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यानं चित्र खोटं झालं नव्हतं. सकाळ खरी होती. फक्त दिवस पुढे असतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवायला आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवलं होतं.

‘दोन चित्रं हवीत,’ भाची म्हणाली. ‘थंडीतली आणि उन्हातली. थंडीतली झालेलीच आहे. चित्राबरोबर छापायचा माझा मजकूरही मला बदलायला लागणार. दुसरी कधी देता?’

‘पेटी घरी आहे,’ मी म्हणालो.

पलीकडून ही म्हणाली, ‘पेटी पिशवीत आहे. इतका वेळ कोण वाहतंय ते वजन? पेटी मिटवून ठेवणारे तुम्ही, आणि उघडायला लावणारी मी, हे काय आजचं आहे?’

मग मी ओढ्याच्या काठी गुडघे मुडपून बसलो, जे मला जमेल असं वाटलं नव्हतं, आणि ओढ्याचंच पाणी घेऊन रंग कालवला. टाचणी मुळीच गप्प बसत नव्हती. भुर्रकन उठायची, पाण्यावर एक फेरी मारायची, आणि मी निराश व्हायच्या आत पुन्हा त्याच मुळावर यायची. मी ब्रश उचलला की उडायची. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माझ्या सोयीनं वागत नव्हता, आणि मला त्याची जरासुद्धा भीती वाटली नाही. चार वेळा वड्या मिसळून झाल्या, निळा जमला नाही. पाचव्यांदा जवळपास जमला. मला शंका आली, म्हणून मी उजवा डोळा मिटला आणि जुन्या डोळ्यानं पाहिलं. कपातल्या चहातून दिसावा तसा, पण निळाच. म्हणजे त्या बिचाऱ्यालाही दिसला असता, ऊन असताना त्याला इथे आणलं असतं तर.

‘अहो,’ ही पलीकडच्या दगडावरून म्हणाली. ती अजून सावलीत होती, पाय पोटाशी घेऊन, बटणं गळ्यापर्यंत लावून. ‘आता सांगा बघू, माझा स्वेटर कुठल्या रंगाचा?’

मी तिच्याकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा आता रुंद झाला होता आणि पाणी ओलांडून तिच्या दगडाच्या पायथ्याशी पोचला होता.

‘थांब जरा,’ मी म्हणालो. ‘ऊन येऊ दे तुझ्यावर, मग सांगतो.’

आणि चहा उकळेपर्यंतसुद्धा न थांबणारी ही, थांबली.